शेवट आधी की डाव आधी?

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा डाव संपत आला होता. पटावर दोघांकडेही एकेक हत्ती आणि एकेक उंट, डी. गुकेशकडे दोन प्यादी, डिंग लिरेनकडे एक. प्यादे कमी असले तरी डिंग बरोबरी सांभाळेल, असेच बहुतेक जाणकार धरून चालले होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ वर नेऊन हत्तींची मारामारी देऊ केली. त्याचा स्वतःचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात बसलेला होता. गुकेशने हत्ती मारला, मग आपला उंट डी-५ वर आणून उंटांचीही मारामारी भाग पाडली. राजा आणि प्याद्यांचा जो शेवट उरला, तो कोणत्याही प्राथमिक पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत सापडेल असा होता. अठ्ठावन्नाव्या चालीला डिंगने हार मान्य केली आणि अठराव्या वर्षी गुकेश जगज्जेता झाला.

या एका चुकीचा दाखला दोन परस्परविरोधी मते देऊ शकतात, आणि देतातही. एक पक्ष म्हणतो, मारामारीनंतर उरणारा शेवट जिंकलेला आहे हे गुकेशला तत्काळ दिसले, कारण ते ज्ञान लहानपणीच त्याच्या अंगवळणी पडले होते. तेव्हा आधी शेवट शिका. दुसरा पक्ष विचारतो, तो शेवट डिंगला ठाऊक नव्हता काय? २०२३ मध्ये जगज्जेता झालेल्या खेळाडूला दोन प्याद्यांविरुद्ध एक प्यादे कधी हरते हे शिकवावे लागत नाही. त्याला ज्ञान कमी पडले नाही. तीन आठवड्यांचा शीण, घड्याळ, आणि आता बरोबरी झालीच आहे ही सैल पडलेली सावधानता यांनी घात केला. असल्या गोष्टी सुट्या आकृत्यांतून कळत नाहीत; त्या स्पर्धा खेळून आणि थोर स्पर्धांचे डाव अभ्यासूनच कळतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच निवाडा सोपा नाही.

हा वाद आता केवळ जाणकारांपुरता राहिलेला नाही. नाशिकचा विदित गुजराथी कँडिडेट्स स्पर्धेपर्यंत पोचला. नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघांत हे दोघेही होते. मुलाला बुद्धिबळाच्या वर्गाला घालणाऱ्या पालकापुढे त्यामुळे अगदी व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. शाळा, शिकवणी आणि परीक्षा यांतून आठवड्याला पाच-सहा तास निघाले तरी पुष्कळ. ते ठरावीक शेवट घोटण्यात घालवायचे, एकामागून एक स्पर्धा खेळण्यात, की जुने डाव पटावर लावून पाहण्यात?

आधी शेवट, हे मत मांडणाऱ्यांत सर्वांत वजनदार नाव कापाब्लांकाचे. त्याचे १९२१ चे ‘चेस फंडामेंटल्स’ सुरू होते ते साध्या मातांपासून आणि प्याद्यांच्या शेवटांपासून. सुरुवातीच्या चालींची चर्चा मागाहून येते. त्यामागचा विचार सरळ आहे. शेवट स्वतंत्रपणे समजून घेता येतो, पण मध्यडावातला कोणताही निर्णय पुढे कोणता शेवट येणार हे कळल्याखेरीज पारखता येत नाही. हत्ती आणि एक प्यादे विरुद्ध हत्ती एवढेच उदाहरण घ्या. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्याच्या वाटेत असेल, तर त्याने हत्ती आडव्या तिसऱ्या रांगेत धरून प्रतिस्पर्ध्याच्या राजाला पुढे येऊ द्यायचे नाही; प्यादे त्या रांगेत शिरले की हत्ती पार मागे न्यायचा आणि तिथून शह देत राहायचे. फिलिडोरने अठराव्या शतकात दाखवलेली ही बरोबरी आजही तशीच टिकून आहे. उलट बचावाचा राजा बाजूला पडला असेल आणि प्यादे सातव्या घरात पोचले असेल, तर जिंकणाऱ्याने आपला हत्ती चौथ्या रांगेत आणायचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या राजाला शहांपासून आडोसा मिळतो. या दोन गोष्टी दहा वर्षांच्या मुलीला एका संध्याकाळी सांगता येतात. त्या ठाऊक नसतील तर चार तास उत्तम खेळून मिळवलेले एक प्यादे पाच मिनिटांत मातीमोल होते.

आकृत्यांतून शिकवण्याची ही रीत आपल्याकडेही जुनी आहे. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील इंग्रजी पुस्तक छापले गेले, ते मुख्यतः रचलेल्या स्थितींचेच होते. अशा रीतीचा मोठा गुण म्हणजे तिच्यात मतमतांतराला जागा नाही. स्थिती जिंकलेली असते किंवा नसते. पटावर सात मोहरी उरली की संगणकाची कोष्टके आज प्रत्येक स्थितीचा अंतिम निकाल सांगतात. शिकवणाऱ्याचा वकूब कमी असला तरी विद्यार्थ्याचे फारसे नुकसान होत नाही, कारण उत्तर पडताळून पाहता येते. लहान गावात, जिथे मोठ्या ताकदीचा प्रशिक्षक नाही, तिथे हा फायदा हलका लेखून चालणार नाही.

मात्र या पक्षाला एका अडचणीचे उत्तर द्यावे लागते. नोव्हेंबर २०१३ मध्ये चेन्नईला विश्वनाथन आनंद मॅग्नस कार्लसनकडून हरला, तेव्हा पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन डाव गेले, आणि दोन्ही हत्ती-प्याद्यांच्या शेवटांत गेले. सहाव्या डावातला शेवट बरोबरीचा होता. साठाव्या चालीला आनंदने हत्ती ए-४ वर नेला आणि बरोबरी निसटली. आनंदची हत्तीच्या शेवटांची जाण त्या वेळी जगातल्या फार थोड्यांना असेल. तरीही आदल्या दिवशीचा पराभव, समोर एकही चाल सैल न सोडणारा तरुण आणि पाठीशी घरच्या प्रेक्षकांची अपेक्षा, यांपुढे ती जाण अपुरी पडली. आकृतीखाली ‘पांढऱ्याची चाल, बरोबरी’ असे छापलेले असते. पटावर कोणी तसे सांगत नाही. इथे काहीतरी शोधण्यासारखे आहे हेच आधी ओळखावे लागते.

इतिहासाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा इथेच सुरू होतो, आणि आमच्या मते तो सर्वांत बळकट आहे. १९१४ ची सेंट पीटर्सबर्गची स्पर्धा घ्या. अंतिम टप्प्यात कापाब्लांका पुढे होता, लास्कर मागे. लास्करला जिंकणे भाग होते. अशा वेळी त्याने रुय लोपेझमधला मारामारीचा प्रकार निवडला, ज्यात वजीर लवकर पटावरून जातात आणि डाव थंड पडतो असा लौकिक होता. हा निर्णय नुसत्या आकृतीवरून पाहिला तर चमत्कारिक वाटतो. पण त्या प्रकारात काळ्याकडे दोन उंट येतात आणि त्यांचे चीज करायचे तर काळ्याने धडाडीने खेळावे लागते. कापाब्लांकाला मात्र त्या दिवशी बरोबरी पुरेशी होती, म्हणजे धडाडीचे कारणच नव्हते. लास्करने एफ प्यादे पाचव्या घरात ढकलले, ई-६ वर घोडा रोवला आणि काळ्याचा डाव हळूहळू आवळत नेला. तो डाव जिंकून त्याने अखेर अर्ध्या गुणाने स्पर्धाही जिंकली. व्यूहरचना म्हणजे काय, हे या एका डावातून जसे कळते तसे नियमांच्या यादीतून कळणार नाही. इथे मोहऱ्यांइतकाच गुणतक्ताही खेळत होता.

याच कारणासाठी निवडक सुंदर डावांच्या संग्रहापेक्षा सबंध स्पर्धेचे पुस्तक अधिक शिकवते, असे या पक्षाचे म्हणणे आहे. १९५३ च्या झ्युरिक कँडिडेट्स स्पर्धेत १५ खेळाडू होते आणि प्रत्येक जण इतर प्रत्येकाशी दोनदा खेळला. स्मिस्लोव जिंकला. ब्रॉन्स्टाइनने त्या स्पर्धेच्या सर्व २१० डावांवर लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते. त्यात नीरस बरोबऱ्या आहेत, दमलेल्या माणसांच्या चुका आहेत, एकच योजना एका फेरीत यशस्वी आणि पुढच्या फेरीत फसलेली आहे. संग्रहात फक्त विजय दिसतो. इथे त्याची किंमतही दिसते.

आक्षेप असा, की ही चैन कोणाला परवडणार? एका डावाला अर्धा तास धरला तरी २१० डावांना शंभरावर तास लागतात. नववीतल्या मुलाचे ते चार-पाच महिन्यांचे बुद्धिबळ झाले. तेवढ्या वेळात तो शेवटांचे एक चांगले पुस्तक दोनदा पुरे करील. शिवाय ब्रॉन्स्टाइनचा रस मध्यडावात होता. शेवट शिकायला आलेल्याला तिथे पुष्कळ वाट पाहावी लागते. आम्हाला हा आक्षेप खोडून काढता येत नाही, फक्त त्याची धार थोडी कमी करता येते. त्याचा विचार पुढे केला आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. इतिहास निकाल लागल्यानंतर लिहिला जातो. जिंकणाऱ्याची प्रत्येक चाल योजनेचा भाग ठरते आणि हरणाऱ्याची प्रत्येक चाल ऱ्हासाचा. ३ डिसेंबर २०२१ रोजी दुबईत कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा सहावा डाव १३६ चाली, जवळपास पावणेआठ तास चालला. जगज्जेतेपदाच्या लढतींतला तो सर्वांत लांब डाव. कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, समोर एकटा वजीर. कार्लसनने पिळून पिळून काढलेला विजय म्हणून तो सांगितला जातो, आणि ते खोटे नाही. पण कोष्टके सांगतात की १३० व्या चालीपर्यंत बरोबरी हाताशी होती. विजय अटळ नव्हता. तो अटळ वाटावा अशी कथा मागाहून तयार झाली. विद्यार्थी कथा शिकतो की डाव, हा प्रश्न रास्त आहे.

जुन्या पंडितांच्या चुकांचेही तसेच. दोन उंट विरुद्ध एक घोडा या शेवटात बचावाची एक भक्कम जागा आहे, म्हणून बरोबरी होते, असे क्लिंग आणि होर्विट्झ यांच्या १८५१ च्या पुस्तकापासून शतकाहून अधिक काळ मानले गेले. १९८३ मध्ये केन थॉम्सनच्या संगणकाने ते खोडले. विजय होता, मात्र त्याला ६६ चालींपर्यंत लागू शकत होत्या. परंपरेवर विसंबणाऱ्यांना हा चांगलाच धडा होता. दुसरीकडे, हे सत्य कळल्यामुळे हाडामासाच्या खेळाडूला किती उपयोग झाला, असेही विचारता येईल. पन्नास चालींच्या नियमाने तसले विजय पटावर बहुधा मिळतच नाहीत.

चुकीच्या आठवणीतूनही कधी अस्सल गोष्ट हाती लागते, याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. १८७५ मध्ये फेंटन आणि पॉटर यांचा एक डाव बरोबरीत सुटला. वीस वर्षांनी ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिये नावाच्या स्तंभलेखकाने त्यातला शेवट आठवून छापला, तो चुकीचा आठवला, आणि त्यातून काळ्याने बरोबरी कशी करावी असे कोडे तयार झाले. पांढऱ्याने प्याद्याचा वजीर केला तर काळा आपला हत्ती बळी देतो. तो मारताच काळ्या राजाला चाल उरत नाही. ग्लासगोत राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फर्नांदो साव्हेद्रा यांनी दाखवून दिले की वजीर न करता हत्ती केला तर पांढरा जिंकतो. प्रत्यक्ष खेळला गेलेला डाव, सदोष स्मृती आणि निर्भेळ विश्लेषण अशी तिन्ही मिळून ही रचना झाली. ती कोणत्या पक्षाच्या खात्यात घालायची, ते वाचकाने ठरवावे.

अनुभव हाच गुरू, असे म्हणणाऱ्यांना मीर सुलतान खान हे नाव हमखास आठवते. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात तो वाढला. त्यात प्यादे पहिल्या चालीला एकच घर सरके आणि समोरचा राजा एकटा उरला की बुर्जी होऊन डाव बरोबरीत सुटे, म्हणजे शेवटाचे गणितच निराळे. १९२९ च्या वसंतात सर उमर हयात खान यांनी त्याला लंडनला नेले. तिथे त्याच्या सरावासाठी भरवलेल्या छोट्या स्पर्धेत तो तळाला राहिला, आणि त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकालाही हरवले. इंग्रजी जेमतेम, पुस्तकी ज्ञान नावापुरते. तरी शेवटांतली त्याची ताकद त्या काळच्या श्रेष्ठांनी मानली होती.

पण अपवादावरून अभ्यासक्रम आखता येत नाही. सुलतान खान एक होता. पुस्तकाशिवाय पटावर उतरून तळालाच राहिलेल्यांची नावे कोणी नोंदवून ठेवली नाहीत. शिवाय विंटर आणि येट्स यांच्यासारख्या मुरलेल्या खेळाडूंशी संथ वेळेत खेळून मिळालेला अनुभव निराळा, आणि आज आपल्याकडे रविवारी सभागृहात मिळतो तो अनुभव निराळा.

त्या रविवारबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. एका दिवसात सहा-सात फेऱ्यांची रॅपिड स्पर्धा भरवणे आयोजकाला सोपे जाते, पालकाची सुट्टी एका दिवसात भागते, मुलाला करंडक मिळण्याची आशा असते. अशा स्पर्धांनी खेळ पसरवला, हे मान्य करायला हवे. त्या मुलांना हरायची सवय लावतात, आणि ही फार मोलाची सवय आहे. वेगाने खेळता येणे हेही आता दुय्यम कौशल्य राहिलेले नाही; दिव्याचा विश्वचषकही अखेर रॅपिड टायब्रेकरमध्येच ठरला. तरीही शेवट शिकण्याचे ते ठिकाण नव्हे. लहान गटांतले बरेच डाव तिसाव्या चालीच्या आतच एखादे मोहरे फुकट गेल्याने संपतात. जे शेवटापर्यंत पोचतात, ते घड्याळात काही सेकंद उरलेले असताना खेळले जातात. मूल हरते, पुढच्या फेरीची जोडी लागते, आणि का हरलो हे पाहायला कोणाला सवड नसते.

जुन्या काळी ही सवड नियमांनीच दिली होती. ठरलेला वेळ संपला की डाव तहकूब होई, चाल पाकिटात बंद होई, आणि रात्रभर शेवटाचा अभ्यास चाले. १९६२ मध्ये व्हार्ना येथे बॉटविनिक फिशरविरुद्ध एक प्यादे कमी असलेल्या हत्तीच्या शेवटात अडकला होता. डाव तहकूब झाला, सोव्हिएत संघातल्या गेलरने रात्री बचावाची कल्पना शोधली आणि सकाळी बरोबरी झाली. फिशर पुढे विजय होता असे लिहीत राहिला. बॉटविनिकने ती स्थिती आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली आणि तेरा वर्षांच्या कास्पारोवने त्यातही बरोबरीची वाट काढून दाखवली. एका शेवटावर तीन पिढ्या राबल्या. संगणक आल्यावर, १९९० च्या दशकात, तहकुबीची प्रथा मावळली. ते अपरिहार्य होते, पण त्याचा परिणाम पुस्तकी पक्षाच्या बाजूने जातो हे नोंदवावे लागेल. आज पाचव्या तासाला चालीमागे तीस सेकंद मिळत असताना मूळ स्थिती तोंडपाठ नसलेला खेळाडू पूर्वीपेक्षा अधिक असहाय आहे.

एवढे सगळे जमेस धरूनही आमचा कल इतिहासाच्या बाजूला झुकतो, काही अटींसह. नेमक्या स्थिती पाठ हव्यातच, पण त्या थोड्याच आहेत. शेवटांवरील सर्वमान्य ग्रंथ लिहिणाऱ्या ड्वोरेत्स्कीनेही नेमके लक्षात ठेवायचे आणि समजून घ्यायचे यांत भेद केला, आणि लक्षात ठेवायचा भाग आटोपशीर ठेवला. विरोध, चौकोनाचा नियम, फिलिडोरची बरोबरी, हत्तीचा आडोसा, भिन्न रंगांच्या उंटांचे बरोबरीकडे झुकणे अशा वीस-पंचवीस गोष्टी पहिल्या वर्षात पक्क्या कराव्यात. त्यानंतर मात्र आकृत्यांच्या मागे वर्षानुवर्षे लागण्यात अर्थ उरत नाही, कारण प्रत्यक्षात समोर येतात ते शेवट दहा-बारा मोहऱ्यांचे असतात, आणि तिथे कोष्टके मुकी असतात. सोव्हिएत प्रशिक्षक शेरेशेव्हस्कीने ‘एंडगेम स्ट्रॅटेजी’ लिहिले ते नेमके या मधल्या प्रदेशाविषयी. घाई न करणे, राजा पुढे आणणे, दुसरी कमजोरी निर्माण करणे, असे विचार त्याने प्रत्यक्ष स्पर्धांतल्या डावांतून उलगडले.

१९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेतला कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर हा डाव पाहिला की हा भेद स्पष्ट होतो. हत्तीच्या शेवटात काळ्याचा हत्ती पांढऱ्याची कमजोर प्यादी खायला धावतो. सर्वसाधारण खेळाडू प्यादी राखत बसेल. कापाब्लांकाने एकापाठोपाठ दोन प्यादी दिली, तीही शह सोसून, आणि आपला राजा जी-३, एच-४, जी-५ असा चालवत एफ-६ वर नेऊन बसवला. एफ-५ वरचे काळे प्यादे त्याने मुद्दाम मारले नाही, कारण तेच त्याच्या राजाला मागून येणाऱ्या शहांपासून झाकत होते. सातव्या रांगेतला हत्ती, सहाव्या घरातले प्यादे आणि शेजारी राजा. दोन प्यादी अधिक असून काळा हतबल झाला. ‘राजा सक्रिय ठेवा’ हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते. त्यासाठी किती मोजावे, कधी मोजावे, हे या डावात दिसते. आणि सबंध डाव लावला तर हेही दिसते की हा शेवट आकाशातून पडला नाही. कापाब्लांकाने त्याआधीच आपल्या हत्तीसाठी मोकळी पट्टी मिळवून ठेवली होती. व्यूहरचना आणि शेवट वेगवेगळ्या तासिकांत शिकवले की हा धागा तुटतो.

वेळेच्या आक्षेपाला आमचे उत्तर अर्धेमुर्धेच आहे. २१० डाव नकोत. एकाच स्पर्धेतले, शेवटापर्यंत गेलेले तीस डाव घ्यावेत. पुस्तकातली टिपणे झाकून आधी स्वतः चाल ठरवावी, मग टिपण वाचावे, आणि संगणकाला सर्वांत शेवटी विचारावे. निकालाच्या रंगात रंगलेल्या कथेवर संगणक हा चांगला उतारा आहे, पण तो आधी घेतला तर विचार करायला काही उरतच नाही. गुकेशचे सुरुवातीचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला बराच काळ संगणकापासून दूर ठेवले, हे आता सर्वश्रुत आहे. ती पद्धत सर्वांना मानवेल असे नाही. समर्थ प्रशिक्षक जवळ असेल तरच ती सुरक्षित. तो नसेल तर चुकीची समजूत पक्की होण्याचा धोका अधिक. खेड्यातल्या एकट्या मुलाला आम्ही तो सल्ला देणार नाही.

आमच्याशी मतभेद असणाऱ्यांत असे प्रशिक्षक आहेत ज्यांनी आमच्यापेक्षा कितीतरी अधिक मुले घडवली. त्यांचे म्हणणे असते की बारा वर्षांच्या मुलाला १९२४ च्या न्यूयॉर्कशी देणेघेणे नसते. त्याला कोडे हवे, लगेच उत्तर हवे. बऱ्याच मुलांबाबत हे खरे असावे. अशा मुलाला इतिहास कोंबण्यापेक्षा कोडी देणे बरे, निदान तो खेळात राहील. पण वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी गुणांकनाची चढण थांबली की तोच मुलगा आणखी कोडी सोडवतो, आणखी रॅपिड स्पर्धा खेळतो, आणि तिथेच घुटमळतो. त्या टप्प्यावर पद्धत बदलण्याची गरज असते, आणि तेव्हा स्पर्धांची रचना आड येते.

सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांनी दशकानुदशके स्पर्धा भरवण्याचे काम निष्ठेने केले आहे, त्यामुळे महाराष्ट्रात आयोजनाचा अनुभव कमी नाही. जिल्हा संघटनांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत तेरा वर्षांवरील गटासाठी नव्वद मिनिटे आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद अशी एक संथ स्पर्धा घ्यावी, दिवसाला एकच फेरी ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीचे दोन-तीन शेवट खेळणाऱ्यांकडूनच पटावर लावून घ्यावेत. नऊ फेऱ्या धरल्या तर याला सभागृह नऊ-दहा दिवस लागेल, पंचांचे मानधन वाढेल, प्रवेशिका कमी येतील आणि बाहेरगावच्या पालकांना राहण्याचा खर्च पडेल. दिवसाला दोन फेऱ्या ठेवल्या तर खर्च जवळजवळ निम्मा होईल, पण सकाळचा तो तास जाईल. तडजोड करायचीच झाली तर फेऱ्या नऊऐवजी पाच कराव्यात आणि सकाळचा तास ठेवावा.